कमिशन घ्या, पण लिंकच्या आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरीप तोंडावर आला की 'सर्वोत्तम पाच बॅटरी फवारणी पंप' अशा मथळ्यांचे लेख मोबाइलवर फिरू लागतात. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी पाचही पंप पाठीवर घेऊन पाहिले असतील. खाली 'इथे खरेदी करा' अशी बटणं असतात, पण तिथून पंप घेतला तर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं हे लेखात कुठेच नसतं.

मी चोपड्याहून शेती अवजारांची माहिती देणारी मराठी वेबसाइट चालवते. माझ्या लेखांतही अशा लिंक आहेत आणि वेबसाइटचा खर्च त्यावरच निघतो. अ‍ॅमेझॉनची अशी योजना १९९६ पासून आहे. कमिशन देते ती माल विकणारी कंपनी, गिऱ्हाइकाला त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत. त्यामुळे कमिशनला माझा विरोध नाही, आक्षेप लपवण्याला आहे. बाजार समितीत अडत्या समोर उभा असतो, लिंकमधला अडत्या दिसत नाही. शिवाय अ‍ॅमेझॉनच्या लिंकवरून गेल्यावर २४ तासांच्या आत दुसरीच वस्तू घेतली तरी बहुतेक वेळा कमिशन मिळतं. म्हणजे लिहिणाऱ्याचं काम तुम्ही बटण दाबण्यापुरतंच. पंप चांगला निघो वा न निघो.

लिंक ओळखता येते. बोट दाबून धरून ती कॉपी करा आणि कुठेतरी चिकटवून वाचा. अ‍ॅमेझॉनच्या भारतातल्या लांब लिंकमध्ये इंग्रजीत 'टॅग', बरोबरचं चिन्ह, मग एखादं नाव आणि शेवटी २१ हा आकडा दिसला, तर ती कमिशनची. आखूड केलेल्या लिंकमध्ये हे दिसत नाही, ती ब्राउझरमध्ये उघडून वरचा पत्ता पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त नुकसान करते. आमच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जुना लेख वाचून पंप मागवला. लेखात १६ लिटरचा, पितळी नळीचा पंप होता. घरी आला तो कमी लिटरचा आणि प्लास्टिकच्या नळीचा. कपाशीवर तुडतुडे आलेले, आणि त्या नळीला बसेल असं नोझल चोपड्याच्या एकाही दुकानात नाही. लिंक तीच होती, तिच्या टोकाचा माल बदलला होता. माल संपतो, विक्रेता बदलतो, त्याच पानावर दुसरं मॉडेल चढतं. लेख मात्र तसाच राहतो आणि कमिशन येत राहतं.

म्हणून माझ्याकडे एक तक्ता आहे: कुठली लिंक, कुठल्या लेखात, शेवटची कधी तपासली. पंपांच्या लिंक मे महिन्यात, पेरणीआधी, एकेक उघडून पाहते. माल बदलला असेल तर लिंक काढते, दुसरी मिळाली नाही तर जागा रिकामी ठेवते. किंमत लेखात लिहीतच नाही, ती रोज हलते. सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हे मात्र आवर्जून लिहिते. हे कंटाळवाणं काम आहे, पण लिंक ठेवायची तर ते करावंच लागतं. २०१९ पासून गूगलनेही अशा लिंकच्या कोडमध्ये टाकायला वेगळी खूण दिली आहे, पण ती वाचकाला दिसत नाही. वाचकाला शब्दांतच सांगावं लागतं.

कायदाही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वस्तूची शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध उघड करायला हवा. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने हेही स्पष्ट केलं की असा खुलासा हॅशटॅग किंवा लिंकच्या गर्दीत मिसळू नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवरही आता खरेदीचे लेख येतात. आपण पुढाकार घ्यावा, ही विनंती. पहिल्या लिंकच्या वर, लेखाच्याच अक्षरात, 'या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळते' असं एक मराठी वाक्य आणि लिंक शेवटची तपासल्याची तारीख, एवढं छापावं. खुलासा पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत असला तर आमच्याकडचा शेतकरी तो वाचत नाही.

आपली,
एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)