शिक्षणमंत्री, माझी मुलगी नाटकं करत नाही

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी माझ्या चौथीतल्या मुलीला परिपाठाच्या रांगेत उलटी झाली. पाढे म्हणायची तिची पाळी होती. बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "रोजचीच नाटकं!" आणि तिच्याच हातात फडकं देऊन फरशी पुसून घेतली. रात्री ती मला विचारते, "आई, मी खरंच नाटक करते का गं?"

तेव्हापासून मला धड झोप नाही.

जूनपासून रोज सकाळी तिचं पोट दुखतं. रविवारी दुखत नाही. रात्री तीन-तीनदा दप्तर उघडून वह्या मोजते. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मीही एकदा वैतागून धपाटा घातला, तो अजून सलतो. शेवटी दोन एसट्या बदलून जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कागदावर माणूस काढून दिला, भीती कुठे बसते ते रंगव म्हणाले. तिने पोट काळं केलं, तळहात निळे. "गार पडतात," म्हणाली. मग पोटावर हात ठेवून हळूहळू श्वास सोडायला शिकवलं. चार खडू आणि अर्धा तास, एवढंच लागलं. पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, हे आपण रोज बोलतो. मग समोर उभ्या पोरीचा गोळा शाळेत कुणालाच कसा दिसत नाही?

डॉक्टरांनी बजावलंय, घरी ठेवू नका, टाळलं की भीती वाढते. शाळेत पाठवा, फक्त जीव घाबरला की पाच मिनिटं जाऊन बसता येईल असं एक माणूस तिथे हवं. ते माणूसच नाही, साहेब.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 ला सांगितलं की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. आमच्या शाळेत सहाशेच्या वर मुलं आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, "पदच मंजूर नाही." शाळेने पालकांच्या ग्रुपवर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर टाकला. नऊ वर्षांच्या पोरीने परिपाठाच्या रांगेतून कुणाच्या फोनवरून तो लावायचा?

2022 मध्ये महाराष्ट्रात 1,764 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, देशात सर्वाधिक. ही तुमच्याच सरकारांकडून गेलेली नोंद आहे. त्यातल्या कितीजणांचं पोट चौथीत दुखत होतं, कुणी विचारलं? तपासणीचं पथक शाळेत येतं, दात बघतं, डोळे बघतं. झोप लागते का, कशाची भीती वाटते का, असं माझ्या मुलीला कुणी विचारलं नाही.

बाईंवर माझा राग आहे आणि तो राहणार. पण त्यांच्या वर्गात 52 मुलं आहेत. कायदा प्राथमिकला तिसांमागे एक शिक्षक म्हणतो. वर मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती. ही माहिती एक दिवस उशिरा गेली तर नोटीस येते. पोर तीन महिने घाबरून आहे, त्याची नोटीस कुणाला येते? तुमच्या सगळ्या व्यवस्थेला मूल हजेरीपटावर दिसतं, रांगेत थरथरताना दिसत नाही.

आमच्या शाळेतलं पद कधी मंजूर होणार, ती तारीख कळवा. सोमवारपासून चाचणी आहे. तिने आत्तापासून वह्या मोजायला घेतल्यात.

आपली,
चौथीतल्या एका मुलीची आई