आय-७५१ अडकलंय म्हणून थांबू नका

संपादक साहेब, अमेरिकेत लग्न करून गेलेल्या मुलींचे आईवडील इकडे नाशकात उगाच टेन्शन घेतात, दोन वर्षांचं कंडिशनल (अटीवरचं) ग्रीन कार्ड संपलं, ती अट काढायचा अर्ज आय-७५१ पेंडिंगच, आता सिटिझनशिप कसली मिळतेय म्हणून. अहो, नवरा ३ वर्षं तिथला सिटिझन असेल, संसार एकत्र असेल तर ग्रीन कार्डला ३ वर्षं व्हायच्या ९० दिवस आधीपासून एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, भरता येतो! फक्त सिटिझनशिपच्या शपथेआधी आय-७५१ मंजूर लागतं, म्हणून बऱ्याचदा दोन्हींचा इंटरव्ह्यू एकत्रच उरकतात. संसार खरा असल्याचा पुरावा म्हणून जॉइंट बँक खातं, घरभाडं, टॅक्सचे कागद मात्र जपा, नुसते लग्नाचे अल्बम नकोत. आणि हो, सिटिझन झाल्यावर भारतीय पासपोर्ट सरेंडर करावाच लागतो, हे एजंट शेवटी सांगतात.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक