ज्यांची नावे अहवालांत येत नाहीत, त्यांचे आभार

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे नाव आम्हा बागायतदारांच्या तोंडी येते, ते बहुधा ‘रत्ना’ आंब्यामुळे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर तयार झालेली ही साका न होणारी, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा न होणारी जात १९८१ साली प्रसारित झाली. अशा जातींमागच्या शास्त्रज्ञांचा गौरव होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु मोहोराच्या दिवसांत भर उन्हात एकेका फुलावर परागकण ठेवून वर पिशवी बांधणाऱ्या हातांची दखल सहसा कोणी घेत नाही. त्या हातांचे आम्ही प्रथम आभार मानतो.

रोपवाटिकेतील मावशींचे ऋण तर रोजचेच आहे. तांबूस पालवीच्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून, त्याला उभी चीर देऊन, पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी तीत बसवून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळण्याचे कोय कलमाचे काम त्या बोलता बोलता उरकतात. शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना मात्र तिथेच घाम फुटतो.

हेच विद्यार्थी पुढे कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ऐन पावसाळ्यात आमच्या गावांत राहिले. आंब्याला मोहोर यावा म्हणून दिल्या जाणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोल या वाढरोधकाची मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर ठरते, हे त्यांनी दोरीने तो व्यास मोजून दाखवले. त्यांचे, त्यांना चिखलातून वाडीपर्यंत पोहोचवणाऱ्या चालकांचे आणि उत्पन्नाची जोखीम पत्करून स्वतःची कलमे प्रात्यक्षिकासाठी देणाऱ्या शेजाऱ्यांचेही मनःपूर्वक आभार.