दंड सहा वर्षांनी नको, मनाई साठ दिवसांत हवी

मा. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतून, खाणे घरपोच देणाऱ्या ॲपवर ३०० रुपयांची ऑर्डर गेली असे धरा. सवलतीचे ४० रुपये दुकानदाराच्या माथी. उरलेल्या २६० वर २५ टक्के कमिशन, म्हणजे ६५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ११ रुपये ७० पैसे. यादीत वर दिसायचे तर जाहिरात, करासह १७ रुपये ७० पैसे. हातात पडतात १६५ रुपये ६० पैसे. दर करारागणिक बदलतात, कापणीची रीत हीच. पाच टक्के जीएसटी भरणाऱ्या हॉटेलला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेला कर वळता करायची सोय, नसते, त्यामुळे कमिशनवरचा करही त्याच्याच गल्ल्यातून जातो. एवढे करून गिऱ्हाइकाचा नंबर ॲपकडेच राहतो. उद्या ॲप सोडले, तर गिऱ्हाईकही गेले.

जास्त कमिशन घेणे हा गुन्हा नाही. मोठे होणे तर नाहीच, आणि तो ठरवूही नये. स्पर्धा कायदा, २००२ चे कलम ४ पाहते ते वर्चस्वाचा गैरवापर: दुसरीकडे स्वस्त विकायची बंदी, स्वतःचा माल यादीत वर, एका सेवेबरोबर दुसरी गळ्यात. कायदा बरोबर आहे. तो पोचतो उशिरा.

हा कायदा राबवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे गुगल सर्चविरुद्धची तक्रार २०१२ ची, १३५.८६ कोटींच्या दंडाचा आदेश फेब्रुवारी २०१८ चा. सहा वर्षे कळ काढण्याइतके भांडवल इंदूरच्या रामबागेतून श्रीखंड विकणाऱ्या घरगुती उद्योगाकडे कुठून येणार?

कलम ३३ खाली आयोग चौकशी चालू असतानाच मनाई करू शकतो. ओयोशी झालेल्या करारामुळे मेकमायट्रिप या बुकिंग संकेतस्थळाने ट्रीबो व फॅबहॉटेल्स या हॉटेल साखळ्या यादीतून काढल्या होत्या. मार्च २०२१ मध्ये आयोगाने त्या पुन्हा यादीत घ्यायला सांगितले. पण ओयोचे म्हणणे ऐकलेले नव्हते, म्हणून गुजरात उच्च न्यायालयात तो आदेश टिकला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अखेर दोन्ही कंपन्यांना दंड झाला, मेकमायट्रिपला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी. दरम्यान हॉटेलांचे हंगामामागून हंगाम गेले. म्हणून आमची पहिली मागणी: अंतरिम अर्जावर, ज्यांना झळ बसेल त्या सर्वांना ऐकून, साठ दिवसांत निर्णय देणे नियमानेच बंधनकारक करा. सुनावणी वगळून केलेली घाई कोर्टात टिकत नाही, हे या प्रकरणात दिसलेच.

दुसरी मागणी पुराव्याची. २०२३ च्या दुरुस्तीने आयोगाकडे जाण्यासाठी तीन वर्षांची मुदत घातली. दुकान यादीत तिसरे होते ते तिसावे का झाले, याची नोंद मात्र फक्त ॲपकडे, आणि दुकानदाराकडे फार तर दोन स्क्रीनशॉट. यादीतला क्रम ठरवणारे निकष, ते कधी बदलले आणि कोणत्या जाहिरातीमुळे कोण वर गेले, या नोंदी किमान तीन वर्षे जपणे आणि त्या दुकानदाराच्या नोंदी त्याने मागितल्यावर देणे सक्तीचे हवे.

तिसरी, मार्च २०२४ च्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्याविषयी. त्यात बड्या कंपन्यांवर आधीच बंधने घालायची कल्पना आहे, ती सोडू नका. देशात ४,००० कोटींची उलाढाल आणि एक कोटी वापरकर्ते यांसारख्या मर्यादा त्यात आहेत. मर्यादा खाली आणल्या तर वाढू पाहणाऱ्या देशी कंपन्याच अडकतील. पण विक्रेत्याची आकडेवारी वापरून त्याच्याशीच स्पर्धा करायची नाही, हे कलम पातळ होऊ देऊ नका. ॲपला कोणता पदार्थ कुठल्या वस्तीत किती खपतो ते रोज कळते. तोच पदार्थ ते स्वतःच्या नावाने आणू लागले, तर वर्षानुवर्षे चव जमवणाऱ्याने करायचे काय?

अँड्रॉइड फोनवरच्या वर्चस्वाच्या गैरवापराच्या प्रकरणात गुगलला आयोगाने केलेला १,३३७.७६ कोटींचा दंड अपिलातही कायम राहिला, आणि जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतातल्या फोनवर सर्च इंजिन निवडायची मुभा जाहीर केली. आदेश निघाला की वागणूक बदलते. अंतरिम अर्जाच्या मुदतीचा नियम या आर्थिक वर्षातच काढावा, ही विनंती.

आपले,
इंदूरमधील काही मराठी कर सल्लागार व वकील