फ्रॉकला खिसे ठेवलेत

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

छकुलीचा फ्रॉक कुरिअरनं पाठवलाय. तू फोनवर सांगितलास तसाच शिवलाय. गुलाबी, खाली भरपूर घेर, मागं बो. फक्त दोन्ही बाजूंना खिसे माझ्या मनानं ठेवलेत. शिवणीत लपवलेत, त्यामुळं वरून दिसणार नाहीत, पण खोल आहेत. सूनबाईला म्हणावं, उसवू नका.

चार वर्षांच्या पोरीला खिसा कशाला, असं तू म्हणणारच. गिऱ्हाइकंही हेच म्हणतात. मुलाची हाफ पँट शिवायला टाकताना आई स्वतःहून सांगते, "दोन साइडला, एक मागं, आणि बुडाला डबल कापड लावा, घासतोय फार." तीच बाई मुलीच्या फ्रॉकच्या वेळी लेस, झालर आणि फुगाबाहीवर अर्धा तास बोलते, पण खिशाचं नाव काढत नाही. रेडिमेडची तर आणखी गंमत. कितीतरी मुलींच्या जीन्सवर खिशाची नुसती शिलाई मारलेली असते, आत बोटसुद्धा जात नाही. वीतभर अस्तर आणि थोडी मजुरी वाचवायची, एवढंच त्यामागचं गणित. हजारो नग काढणाऱ्याला त्यात बरंच सुटतं. कापडाचंही तेच. मुलाची पँट जाड, मुलीची लेगिंग पातळ. घसरगुंडीवरनं दोनदा आली की गुडघ्याला भोक. मग आपण तिच्यावरच खेकसणार, "नीट बस, उड्या मारू नको, कपडे फाटतील." आधी कापड कच्चं घ्यायचं आणि मग पोरीला जपून वागायला शिकवायचं, असा हा धंदा आहे.

तुझी आजी नऊवारी नेसायची. कासोटा घट्ट मारला की भांगलणीला जा, बांधावरनं उडी टाक, काही अडत नव्हतं. कनवटीला पैसे आणि चंचीत पान-सुपारी. बाजारात गेली तर कुणाकडं मागायला लागायचं नाही. तिच्या पणतीच्या फ्रॉकला मात्र चिंचोके ठेवायला जागा नाही! मागच्या वेळी इथं आली होती तेव्हा रंकाळ्यावर शेंगा घेतल्या. तिनं त्या मुठीत धरल्या, मूठ भरली की तुझ्याकडं दिल्या. ताईच्या पोरानं आपल्या खिशात कोंबल्या आणि सुटला पळत. ती मागं उभी राहून बघत होती, कारण दोन्ही हात गुंतलेले. तू म्हणालास, "पोरगं चपळ आहे हां." चपळ आहेच तो, पण त्याचे हात मोकळे होते हेही बघायला हवं होतंस.

गुलाबी रंगाबद्दल माझी तक्रार नाही, तिला आवडतो तर घालू दे. पण ताईच्या पोरानं गुलाबी शर्टाचं कापड काढलं तेव्हा तू नाक मुरडलंस, ते मला पटलं नाही. अरे, चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचवणारे गडी केसापासून टाचेपर्यंत कोणत्या रंगात न्हालेले असतात? निवडणूक जिंकली की मिरवणुकीत काय उधळतात? तुझ्या लग्नातला फेटा तरी कुठला होता, फोटो काढून बघ. ताईनं मोबाईलवर वाचून दाखवलं, 1918 साली अमेरिकेत कपड्याच्या व्यापाऱ्यांच्या एका मासिकानं छापलं होतं की गुलाबी हा ठसठशीत रंग, तो मुलांना शोभतो आणि नाजूक निळा मुलींना. पुढं दुकानदारांनी फिरवाफिरवी केली. त्यांना काय, दोन रंग ठरले की थोरल्या बहिणीचं स्वेटर धाकट्या भावाला चालत नाही आणि नवं विकलं जातं. शर्टाच्या बटणांचंही तसंच, मुलाची उजवीकडं, मुलीची डावीकडं. ही साहेबाची पद्धत आम्ही मुकाट्यानं शिवतो. बायका "बटणं उलटी आहेत" म्हणून चांगला शर्ट टाकून नवा शिवायला आणतात. माझी शिलाई मिळते म्हणून मी गप्प बसते, हे तेवढं कुणाला सांगू नकोस.

आता खरं बोलायचं ते. गणपतीत ताईचं पोरगं जिन्यावरनं पडलं, कोपर सोललं, तेव्हा सगळ्यांसमोर तू म्हणालास, "पोरींसारखा काय रडतोस?" त्यानं रडू गिळलं. छकुली शेजारीच उभी होती, तिनंही ऐकलं. तो रोज संध्याकाळी माझ्या मशीनजवळ बसून सुईत दोरा ओवून देतो. मला आता दिसत नाही नीट. काजं करायलाही शिकलाय, बारीक टाके घालतो. पण त्या दिवसापासून दारात कुणी गडीमाणूस आला की हातातली सुई खाली टाकतो आणि मोबाईल उचलतो.

त्याला बायकी ठरवणाऱ्यांनी एकदा महाद्वार रोडला आणि राजारामपुरीत फिरून यावं. पँट-शर्ट शिवणारे बहुतेक सगळे गडीच. पोरानं घरात सुई धरली तर हसायचं आणि दुकानात धरली तर मास्तर म्हणून हाक मारायची. खानावळीत तांबडा-पांढरा करणाऱ्या आचाऱ्याला नाही कुणी हसत. आणि केशवराव भोसले, ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आपल्या गावात आहे, ते तर पोरवयात लुगडं नेसून बाईची भूमिका करूनच गाजले.

पोरींच्या बाबतीतही गावाला अभिमान कमी नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला रायफल नेमबाजीत जगज्जेती झाली तेव्हा सगळं कोल्हापूर आपलीच लेक म्हणत होतं. मी तिच्या फोटोतलं जॅकेट बघत बसले होते. ते जाड आणि ताठ असतं, अंग स्थिर राहावं म्हणून, आणि जाडी किती असावी याचेही नियम असतात. बाईच्या कपड्याला आधी "काम काय करायचंय" असं विचारून शिवलेलं बघितलं की माझ्यासारखीला बरं वाटतं.

लोक काय म्हणतील, हे तू म्हणशील. शाहू महाराजांनी विधवा सुनेला, इंदुमती राणीसाहेबांना, शिकवायचं ठरवलं तेव्हा राजवाड्यातूनच विरोध झाला होता. तुला तर फक्त एका पोराला नीट रडू द्यायचंय.

दिवाळीला छकुलीला पँट शिवणार आहे, जाड कॉटनची, गुडघ्याला डबल कापड, चार खिसे. ताईच्या पोराला ते फुलाफुलांचं गुलाबी कापडच, त्यानं निवडलेलं. काजं तो स्वतः करणार आहे. तू आलास की नव्या शर्टाची बटणं त्याच्याकडून लावून घे, पैसे दे, मजुरी बुडवू नकोस.

छकुलीचं माप पाठव. उंची, कंबर, सीट, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत. टेप ओढून धरू नकोस, आत दोन बोटं जायला पाहिजेत. आणि ती उकिडवी बसल्यावरही एकदा कंबर मोज, ती सारखी मातीतच बसलेली असते.

तुझी,
आई