बेवारस पावत्या न पुसणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

रावेरकडच्या आमच्या केळी गटाचा डेटाबेस तुम्ही मार्गी लावलात. बिल चुकतं केलं तरी मन भरलं नाही, म्हणून हे चारचौघांत.

एकच पावती दोनदा शिरू नये यासाठीच्या चेकबद्दल आधीचे ठेकेदार म्हणायचे, "चेक कोडमध्ये आहे ना भो, डेटाबेसात कशाला?" कोडमधला चेक म्हणजे आधी सिलेक्ट (नंबर आहे का ते शोधणं), मग इन्सर्ट (नोंद घालणं). दोन वजनकाट्यांवरून एकाच क्षणी एकच पावती नंबर आला, की दोन्ही सिलेक्टना तो सापडत नाही आणि दोन्ही नोंदी आत जातात. युनिक इंडेक्स, म्हणजे तीच नोंद पुन्हा न घेण्याचा डेटाबेसचाच नियम, दुसरीला दारातच अडवतो. तोही हंगाम आणि पावती नंबर या जोडीवर लावताना तुम्ही आधी हंगामाला नॉट नल केलंत (रिकामा सोडताच येणार नाही असा), कारण आपला डेटाबेस पोस्टग्रेस एरवी एक नल, म्हणजे रिकामी जागा, दुसऱ्यासारखा धरत नाही. हंगाम रिकामा असता तर तीच पावती कितीही वेळा घुसली असती.

फॉरेन की, म्हणजे पावतीचा शेतकरी टेबलात असलाच पाहिजे हा नियम, तुम्ही आधी नॉट व्हॅलिड (जुन्या नोंदी न तपासता) लावलीत. नव्या चुकीच्या नोंदी त्याच क्षणी बंद, जुन्या निवडायला सवड. मग लेफ्ट जॉइन मारून, म्हणजे पावत्या शेतकऱ्यांच्या टेबलाशी जुळवून, ज्यांचा शेतकरीच टेबलात नाही अशा पावत्या काढल्यात. इथे एक डिलीट मारला असता तरी व्हॅलिडेट (जुन्या नोंदींची तपासणी) बिनबोभाट झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. तुम्ही त्या वेगळ्या टेबलात हलवल्या, पुढे 'कारण' असा कॉलम जोडला आणि दिवाणजींना वाचता येईल अशी यादी छापून दिलीत. खातं कुणीतरी उडवलं म्हणून काट्यावर उतरलेला माल खोटा होत नाही. त्या ओळींत कुणाच्या तरी केळीचे क्विंटल होते, हे न सांगता ओळखणारी माणसं या धंद्यात थोडी आहेत, ताई. हुशार पुष्कळ भेटतात.

बाकीचंही चोख. ऑन डिलीट रिस्ट्रिक्ट ठेवलंत, म्हणजे पावत्या असलेलं खातं पुसताच येत नाही. कॅस्केड असतं तर एक खातं पुसताना त्याच्या साऱ्या पावत्या निमूट गेल्या असत्या. पावत्यांच्या शेतकरी कॉलमवर वेगळा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकलात, कारण मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी इंजिन तो आपोआप करतं, पोस्टग्रेस करत नाही, आणि मग एक शेतकरी काढताना अख्खं टेबल चाळत बसतं.

दिवाणजी यादी घेऊन गावोगाव विचारतायत. बऱ्याच पावत्यांचे धनी सापडले, त्यांचे हिशेब लागले. हिवाळ्यात भरीत-पुरीला या, घरच्यांनाही आणा.