नव्या कॅबिनेटच्या पॉवर बटणाची जोडणी आणि मदरबोर्डवरील पिनांची माहिती नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवरील फ्रंट पॅनेलच्या पिनांचा तपशील मिळण्याबाबत.

महोदय,

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान असून, सौदे झाल्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) काढण्यासाठी आम्ही २०२१ साली आपल्या कंपनीचा डेस्कटॉप संगणक घेतला. त्याच्या कामाबद्दल आजवर आमची तक्रार नव्हती. मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडले जातात तो मुख्य सर्किट बोर्ड), प्रोसेसर आणि हार्ड डिस्क आजही ठणठणीत आहेत. बिघडले ते केवळ पॉवर बटण. हंगामात यार्डात हळदीची पिवळी धूळ सतत उडत असते, ती जाळीतून आत शिरून बटणाच्या खाचेत घट्ट बसली आणि शेवटी शेवटी बटण दहा वेळा दाबावे तेव्हा एकदा लागू लागले. समोरचा पॅनेल या मॉडेलसाठी आता मिळत नाही, असे आपल्या अधिकृत सेवा केंद्राने सांगितल्यामुळे आम्ही बाजारातून धूळ अडवणारी जाळी असलेले साधे एटीएक्स (प्रचलित प्रमाणित मापाचे) कॅबिनेट, म्हणजे संगणकाची बाहेरची पेटी, विकत घेतले.

खरी अडचण येथून सुरू झाली. कोणत्याही साध्या कॅबिनेटमधून पॉवर बटण, रिसेट बटण, पॉवरचा दिवा आणि हार्ड डिस्कचा दिवा यांच्या सुट्या तारा बाहेर येतात. इंटेलने प्रसिद्ध केलेल्या मांडणीत या तारांसाठी दोन रांगांत दहा जागा असून त्यांतील दहावी रिकामी असते, सहा आणि आठ क्रमांकांच्या पिनांवर पॉवर बटण बसते, आणि बहुतेक उत्पादक हीच मांडणी पाळत असल्यामुळे गल्लीतला मेकॅनिकही ती पाच मिनिटांत जोडतो. आपल्या मदरबोर्डवर मात्र पिनांची रचना वेगळी आहे, त्यांच्या शेजारी एकही अक्षर छापलेले नाही, आणि आपल्या माहितीपुस्तिकेत त्या जागेकडे बाण दाखवून केवळ ‘फ्रंट पॅनेल’ एवढेच लिहिले आहे. त्याच मदरबोर्डवर यूएसबी ३.० ची १९ पिनांची जोड मात्र प्रमाणित आहे आणि नव्या कॅबिनेटची केबल तिच्यात लगेच बसली, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

जुन्या पॅनेलची केबल काढून आम्ही मल्टिमीटरने तपासली. बटण दाबल्यावर कोणत्या दोन तारा एकमेकींना जुळतात ते सापडले, दिव्याच्या दोन तारा सापडल्या, आणि आणखी दोन तारा बटण दाबा अथवा न दाबा, प्लगच्या आतच कायम जोडलेल्या आढळल्या. उरलेल्या तीन तारांचा उलगडा झाला नाही. केवळ बटणाच्या दोन पिनांवर नव्या कॅबिनेटची तार लावली असता संगणक सुरू होतो, परंतु प्रत्येक वेळी काळ्या पडद्यावर ‘फ्रंट पॅनेल केबल सापडली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येऊन कीबोर्डवरील एफ-१ कळ दाबेपर्यंत संगणक पुढे सरकत नाही. वीज जाऊन आल्यानंतर दुकानात कोणी नसेल तर संगणक तसाच अडून राहतो, आणि पहाटे गावाहून निघालेला शेतकरी पट्टीसाठी ताटकळत बसतो. ही अडवणूक आम्हांला सहन होत नाही.

कायम जुळलेल्या त्या दोन तारांवरूनच मदरबोर्ड केबलची ओळख पटवत असावा, असा आमचा अंदाज आहे. जुनी केबल कापून तिचा प्लग नव्या तारांना जोडावा, असे एका जाणत्या मेकॅनिकने सुचवले. तथापि इंटेलच्या अनेक मदरबोर्डांवर नवव्या पिनवर ५ व्होल्ट येतात, आणि आपल्या मदरबोर्डवर तसा दाब कोणत्या पिनवर आहे हे ठाऊक नसताना अंदाजाने दोन पिना जोडणे म्हणजे चालता संगणक हातांनी जाळणे होय. पाच वर्षांच्या पट्ट्या ज्या यंत्रावर आहेत त्याच्याशी असा खेळ आम्ही करणार नाही.

आपल्या ग्राहक सेवेशी आम्ही दोनदा बोललो. दोन्ही वेळी ‘कॅबिनेट बदलणे कंपनीला मान्य नाही’ एवढेच उत्तर मिळाले. वॉरंटी संपलेली आहे हे आम्ही जाणतो आणि फुकट दुरुस्ती मागतही नाही. परंतु सुटा भाग आपण देत नाही, आणि तो बाहेरून बसवता यावा यासाठी लागणारी माहितीही देत नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की एका बटणापायी संपूर्ण संगणक भंगारात काढण्याची वेळ येते. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले ते उत्पादकांनी दुरुस्तीची अशी माहिती ग्राहकांना खुली करावी यासाठीच.

तरी सदर मॉडेलच्या फ्रंट पॅनेलवरील प्रत्येक पिनचे काम, तिच्यावरील विजेचा दाब आणि केबलची ओळख कोणत्या पिनांवरून होते, याचा तक्ता आम्हांला लेखी द्यावा. साध्या कॅबिनेटसाठी जोड-केबल आपल्याकडे असल्यास तिची किंमत कळवावी. ती आम्ही आनंदाने भरू. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय असल्याने, आम्ही सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करू. खरेदीचे बिल, मदरबोर्डचे छायाचित्र आणि आम्ही तपासलेल्या नऊ तारांची नोंद सोबत जोडली आहे.

कळावे,

आपला ग्राहक,
हळद अडत दुकान, मार्केट यार्ड, सांगली